आईबाबांना घेऊन विंडसर: एका दिवसात काय बघायचं आणि काय सरळ सोडून द्यायचं

लंडनमध्ये किंवा आसपास राहणाऱ्या आपल्या लोकांकडे मे महिना लागला की आईबाबा, सासूसासरे, मावशी-काका असं कोणी ना कोणी येतंच. मग बिग बेन झालं, लंडन आय झालं, टॉवर ब्रिजवर फोटो झाले की पाचव्या दिवशी चहाच्या कपावरून प्रश्न येतो, "मग उद्या कुठे?" माझं उत्तर ठरलेलं, विंडसर, म्हणजे लंडनजवळचं राजाच्या कॅसलचं गाव. आत्तापर्यंत सहा वेळा जाऊन आलेय, त्यातली पहिली वारी पूर्ण फुकट गेली, दुसरी अर्धी, बाकीच्या बऱ्या झाल्या, तर तुमची पहिलीच नीट व्हावी म्हणून हे लिहितेय.

पहिली का फुकट गेली ते आधी सांगते, कारण सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. आम्ही गेलो बुधवारी. मंगळवार आणि बुधवार कॅसल बंद असतो! ऑफिसमधून सुट्टी काढली, डबे भरले, दोन गाड्या बदलून पोचलो आणि समोर बंद दार. चूक माझीच, साईट उघडून बघायला दोन मिनिटं लागली नसती. त्यामुळे गुरुवार ते सोमवार यातलाच दिवस घ्या. त्यातही रविवार शक्यतो नको, कारण रविवारी आतलं सेंट जॉर्जेस चॅपल फक्त प्रार्थनेसाठी उघडं असतं, पर्यटकांना बंद, आणि ते चॅपल चुकलं तर अर्धं विंडसर चुकलं. शनिवारी गर्दी. राहिला गुरुवार, शुक्रवार, सोमवार. मला विचाराल तर गुरुवार, कारण गार्ड बदलायचा कार्यक्रम साधारणपणे मंगळवार, गुरुवार, शनिवार असा असतो, म्हणजे गुरुवारी दोन्ही पदरात पडतं. हेही आदल्या दिवशी चेक करा, कारण पाऊस मोठा असेल तर गार्ड रद्द होतं आणि दुसऱ्या देशाचा कोणी राष्ट्राध्यक्ष पाहुणा आला असेल तर राजवाड्याच्या खोल्या किंवा अख्खा कॅसलच बंद ठेवतात. राजा खरोखर तिथे येऊन राहतो, म्युझियम करून ठेवलेला नाही, त्यामुळे त्यांच्या घरात कार्य निघालं की आपण बाहेर.

तिकीट ऑनलाइन आधीच काढा. मोठ्या माणसाला ३० पौंडांच्या वर पडतं, ऐन वेळी दारात घेतलं तर अजून महाग, पाच वर्षांखालच्या मुलांना फुकट. थेट कॅसलच्या अधिकृत साईटवरूनच घ्या, फिरवाफिरवी करणाऱ्या टूरवाल्यांकडून नको, का ते शेवटी सांगते. हो, ३० पौंड म्हणजे किती रुपये हे आईबाबांना अजिबात सांगू नका. माझ्या सासऱ्यांनी मनात गुणाकार केला आणि पुढचे दोन तास प्रत्येक खोलीत "पैसे वसूल करायचेत" म्हणून प्रत्येक पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

जायचं कसं. दोन रस्ते आहेत. वॉटर्लूवरून थेट गाडी, विंडसर अँड ईटन रिव्हरसाइड स्टेशन, साधारण तासभर, कुठेही बदलायचं नाही, गुडघे दुखणाऱ्या माणसांना हीच बरी. दुसरा रस्ता पॅडिंग्टनवरून स्लाव, तिथे उतरून छोटी शटल गाडी, सहा मिनिटांत विंडसर अँड ईटन सेंट्रल. हा रस्ता लवकरचा आहे आणि सेंट्रल स्टेशनातून बाहेर पडलं की कॅसल अक्षरशः समोर उभा असतो. शिवाय त्या सहा मिनिटांत गाडी थेम्सवरच्या, ब्रुनेल नावाच्या इंजिनिअरने बांधलेल्या लोखंडी पुलावरून जाते, १८४९ चा पूल आहे आणि अजून रोज गाड्या अंगावर घेतोय. डाव्या हाताच्या खिडकीशी बसा म्हणजे पूल येताच कॅसल दिसायला लागतो. आईबाबांना लंडनमध्ये घेऊन दिलेलं ऑयस्टर कार्ड विंडसरपर्यंत चालत नाही, तिकीट वेगळं काढा. वीकडेला साडेनऊनंतरची ऑफ-पीक गाडी घेतली तर स्वस्त, आणि तीन ते नऊ मोठी माणसं एकत्र असाल तर ग्रुपसेव्ह म्हणून तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते, मशीनवर तो पर्याय शोधावा लागतो, आपणहून कोणी सांगत नाही. स्वतःची कार घेऊन जाऊ नका, पार्किंग शोधण्यात सकाळ जाते आणि पार्किंगच्या पैशात एक जेवण होतं.

जाता जाता, एवढ्याशा गावाला दोन स्टेशनं का तर दोन रेल्वे कंपन्यांची शर्यत. व्हिक्टोरिया राणी कोणाच्या गाडीत बसणार यासाठी चढाओढ, आणि १८४९ मध्ये दोघींनी दोन महिन्यांच्या आत आपापली लाईन सुरू केली. रिव्हरसाइडला उतरलात तर स्टेशनाच्या लांबलचक भिंतीत ओळीने मोठे कमानी दरवाजे दिसतील, ते घोडदळासाठी, घोड्यांसकट गाडीतून उतरून थेट रस्त्यावर पडता यावं म्हणून.

आता नीट ऐका. घरातलं कोणी ट्रेकर असेल, गडकिल्ले फिरलेलं असेल, तर त्यांची समजूत आधीच घाला. आपल्या डोक्यात किल्ला म्हटलं की राजगड, रायगड, वाऱ्यापावसात पडलेले बुरूज, चोरदरवाजा, पाण्याची टाकी. माझे सासरे सांगलीकडचे, तरुणपणी गड पालथे घातलेले. विंडसर बघून पहिलं वाक्य काय तर, "तटबंदी बरी आहे, पण ह्याला चढ कुठेय?" चढ आहे, पण आपल्या मानाने टेकाड. मी मग त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं, मधला गोल बुरूज आहे ना तो बालेकिल्ला. १०७० च्या सुमारास विल्यम द काँकररने नॉर्मंडीहून येऊन इंग्लंड जिंकल्यावर लंडनभोवती एकेका दिवसाच्या मजलीवर किल्ल्यांचं कडं केलं, त्यातला हा एक. मातीचा उंचवटा रचून वर लाकडी बुरूज उभा केला, दगडी नंतर शंभरेक वर्षांनी झाला. उंचवट्याच्या दोन्ही अंगांना दोन आवारं, खालचं आणि वरचं, आपल्याकडे माच्या असतात तसं समजा. आणि भोवती खंदक आहे त्यात पाणी कधीच नव्हतं, कारण टेकडी खडूच्या दगडाची, पाणी थांबणार कुठे, तिथे आता सुंदर बाग केलीय. एवढं सांगितल्यावर सासरे खूष, पुढे ते दुसऱ्या लोकांना हातवारे करून बालेकिल्ला दाखवत होते. तुम्हीही असंच सांगा, गड म्हणून नाही, माणसं राहतायत असा वाडा, फक्त तो कोटाच्या आत आहे. साडेनऊशे वर्षं राजे इथे राहतायत, हजाराच्या वर खोल्या आहेत.

गार्ड बघायचं असेल तर आत घाई करू नका. अकरा वाजता बदल होतो, पण त्याआधी पावणेअकराच्या सुमारास शिपाई बँड वाजवत गावातल्या हाय स्ट्रीटवरून वर चढत येतात, ते रस्त्याच्या कडेला उभं राहून फुकट दिसतं आणि माझ्या मते तेच जास्त छान दिसतं, कारण हाताच्या अंतरावरून जातात. डोक्यावरच्या त्या उंच काळ्या अस्वली टोप्या, लाल कोट, आणि बुटांचा आवाज दोन्ही बाजूंच्या दुकानांवर आपटून येतो. गिल्डहॉलच्या आसपास फुटपाथवर जागा धरा. आईबाबांना गिल्डहॉलच्या पायरीच्या बाजूला उभं करा आणि तुम्ही पुढे जाऊन व्हिडिओ काढा.

तिथेच उभे आहात तर गिल्डहॉल बघून घ्या, पाच मिनिटांचं काम. सतराव्या शतकाच्या शेवटाची इमारत, सेंट पॉल्स कॅथीड्रल बांधणारा क्रिस्टोफर रेन याने पुरी केली. खाली उघड्या मंडपात मधले खांब आहेत ते छताला टेकतच नाहीत! गोष्ट अशी सांगतात की नगरपालिकेच्या लोकांना भीती वाटली छत पडेल, त्यांनी मधे खांब घालायला लावले, रेनने घातले पण वर फट ठेवली, म्हणजे बघा, छत तुमच्या खांबांवर उभं नाहीये. गोष्ट खरी की रचलेली कोण जाणे, पण फट आहे, मान वर करून बघा. चार्ल्स आणि कॅमिला यांचं २००५ मधलं रजिस्टर लग्न इथेच लागलं. बाजूलाच एक वाकडं घर आहे, पूर्ण एका अंगाला कललेलं, फोटोसाठी लाईन असते, आणि त्याच्या कुशीतली गल्ली ब्रिटनमधला सगळ्यात छोटा रस्ता म्हणून मिरवते, लांबी ५१ फूट १० इंच. सासूबाई म्हणाल्या आमच्या वाड्याचा बोळ ह्याहून लांब होता.

मग आत शिरा. एअरपोर्टसारखं चेकिंग आहे, बेल्ट, चाव्या, पाण्याची बाटली सगळं ट्रेमध्ये. डबा नेऊ देतात पण आवारात पिकनिक मांडून बसू देत नाहीत. आवाजी गाईडचं यंत्र तिकिटातच येतं, घ्याच, आणि मोठ्या माणसांना कानाला लावून बटणं समजावून द्या, नाहीतर ते तुम्हालाच गाईड करतात. टॉयलेट दिसलं की उरकून घ्या, राजवाड्याच्या खोल्यांत एकदा शिरलं की सोय नाही. गोल बुरुजावर झेंडा कुठला आहे तेही बघा, साधा युनियन जॅक असेल तर राजा घरी नाही, राजाचा स्वतःचा रंगीत चौकड्यांचा झेंडा असेल तर आहे. आमच्या वेळी एकदा होता, सासूबाईंनी पदर सारखा केला.

क्रम असा ठेवा की आधी वर, मग खाली. म्हणजे आधी खंदकाला वळसा घालून उत्तरेच्या गच्चीवर जा, तिथून थेम्स आणि पलीकडे ईटन गावातल्या जुन्या शाळेचं चॅपल दिसतं, दमलेल्यांना तिथे पाच मिनिटं टेकू द्या. तिथूनच राणी मेरीच्या बाहुलीघराची आणि राजवाड्याच्या खोल्यांची लाईन लागते. बाहुलीघराची लाईन फार मोठी असेल तर सोडा, छोटी असेल तर जरूर बघा. १९२१ ते १९२४ मध्ये केलेलं, एकास बारा प्रमाणात, नळाला खरं पाणी, खरे लागणारे दिवे, लिफ्ट चालते, तळघरातल्या नखाएवढ्या बाटल्यांत खरी वाइन. आणि हे डिझाइन केलं कोणी तर एडविन ल्युटेन्सने, म्हणजे त्याच वर्षांत जो माणूस दिल्लीत व्हाइसरॉयचा प्रचंड वाडा, आत्ताचं राष्ट्रपती भवन, बांधत होता त्याने.

खोल्या कितीही दाखवल्या तरी दहाव्या खोलीनंतर सगळं सोनेरी एकसारखं दिसायला लागतं, त्यामुळे मी आता सगळीकडे थांबत नाही, चार-पाच ठिकाणीच थांबते.

पहिलं, वर जिना चढून गेल्यावरचा मोठा दिवाणखाना, ग्रँड व्हेस्टिब्यूल. काचेच्या कपाटांत जगभरातून आणलेली (आणलेली म्हणजे काय ते तुम्हाला कळतंच) शस्त्रं आणि वस्तू आहेत. त्यात टिपू सुलतानाच्या सिंहासनाचं वाघाचं डोकं आहे, सोन्याचा पत्रा मढवलेलं, दात स्फटिकाचे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हाची लूट. जवळ जाऊन बघा, वाघ चिडलेला वाटत नाही, थोडा हसतोय असंच वाटतं. त्याच दिवाणखान्यात ट्रफाल्गरच्या लढाईत इंग्रज आरमाराच्या सेनापतीला, नेल्सनला, लागलेली ती बंदुकीची गोळीही ठेवलीय, एवढीशी, पण माझ्या घरची मंडळी तिच्याकडे बघायलाही तयार नव्हती, सगळे वाघाभोवती.

दुसरं, वॉटर्लू चेंबर. सगळे भिंतींवरच्या सेनापतींची चित्रं बघतात, तुम्ही खाली बघा. तो अवाढव्य एकसंध गालिचा आग्र्याच्या जेलमधल्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणलाय. आणि गंमत बघा, राणीला हिंदुस्थानी शिकवणारा तो मुन्शी अब्दुल करीम, १८८७ मध्ये इथे आलेला, तो मूळचा त्याच आग्रा जेलमधला कारकून. राणीने त्याला इथल्याच फ्रॉगमोरच्या बागेत राहायला कॉटेज दिलं होतं, पुढे हॅरी आणि मेगन राहिले ते.

तिसरं, आणि माझ्यासाठी विंडसरमधलं सगळ्यात भारी, क्वीन्स प्रेझेन्स चेंबर आणि तिच्या शेजारची क्वीन्स ऑडियन्स चेंबर. लोक इथून भराभर पुढे जातात. तुम्ही मधोमध उभे राहा आणि मान वर करा. अख्खं छत रंगवलंय, ढग, देवता, उडणारी बाळं, आणि सगळ्यांच्या मधे बसलेली एक बाई. ती कॅथरीन ऑफ ब्रॅगान्झा, पोर्तुगालची राजकन्या, दुसऱ्या चार्ल्सची राणी. आठवली का? चौथीच्या, सातवीच्या इतिहासात एका ओळीत येऊन गेलेली, "पोर्तुगीजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली", ते आंदण हिच्या लग्नाचं, करार १६६१ चा. चार्ल्सला त्या लांबच्या बेटांचं काय कौतुक, त्याने १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकली. म्हणजे आज तुमच्या तिकिटाच्या पैशात तेव्हा अख्खी मुंबई तीन वर्षं मिळाली असती. चित्रकार इटालियन, व्हेरिओ नावाचा, आणि या खोल्या सजत होत्या त्याच १६७० च्या दशकात तिकडे रायगडावर राज्याभिषेक झाला, १६७४. त्या सोहळ्याला कंपनीचा हेन्री ऑक्झेंडन मुंबईहून नजराणा घेऊन आला होता ना, त्याचा राजा म्हणजे हा इथला चार्ल्स.

हे मी सासऱ्यांना त्या खोलीत उभं राहून सांगितलं आणि ते गप्पच झाले. मग बराच वेळ मान वर. मान दुखायला लागली तरी वर. तिथल्या गणवेशातल्या बाईंनी येऊन विचारलं, काही मदत हवीय का, तर सासरे आपल्या इंग्रजीत म्हणाले, "धिस लेडी, शी ब्रॉट माय बॉम्बे." त्या बाईंना खरंच माहीत होतं! दोघं दहा मिनिटं बोलत होते, मी मागे उभी. या खोल्यांमधली गणवेशातली माणसं नुसती पहारा देत नाहीत, त्यांना विचारलं की खूप सांगतात, यंत्रापेक्षा चांगलं, त्यामुळे आईबाबांना लाजू नका म्हणावं. फोटोंचं म्हणाल तर आम्ही गेलो तेव्हा खोल्यांत आणि चॅपलमध्ये फोटोला बंदी होती, फोन खिशात, त्यामुळे नीट बघणं झालं.

चौथं, सेंट जॉर्जेस हॉल. २० नोव्हेंबर १९९२ ला कॅसलला आग लागली ती माहीत असेल. खाजगी प्रार्थनाघरात एका मोठ्या दिव्याने पडदा पेटला, पंधरा तास आग, ११५ खोल्यांचं नुकसान. आणि तारीख कुठली तर राणी एलिझाबेथच्या लग्नाचा ४५ वा वाढदिवस. दुरुस्तीला पाच वर्षं आणि साधारण ३६.५ मिलियन पौंड लागले, खर्च लोकांच्या करातून का म्हणून बोंबाबोंब झाली, तेव्हा बकिंगहॅम पॅलेस उन्हाळ्यात तिकीट लावून उघडला आणि बरेचसे पैसे त्यातून उभे राहिले. या हॉलचं छत जळून खाली आलं होतं, आत्ता दिसतंय ते ओल्या ओक लाकडाचं नवीन. छतावर ओळीने शेकडो ढाली रंगवल्यात, गार्टर नावाच्या सरदारांच्या मानाच्या पदवीच्या, ही पदवी तिसऱ्या एडवर्डने १३४८ मध्ये सुरू केली. त्यात मधेमधे कोऱ्या पांढऱ्या ढाली दिसतील. ज्यांनी गद्दारी केली वगैरे, त्यांची चिन्हं पुसून टाकलेली. मुलांना सांगा, पांढऱ्या ढाली मोजा, तेवढी शांतता मिळते.

एवढं होईपर्यंत दीड-दोन वाजतात आणि पोटात कावळे. आता दोन पर्याय. आत जुन्या तळघरात कॅफे आहे, चौदाव्या शतकातल्या कमानी, बसायला छान, पण शाकाहारी म्हणजे सूप, सँडविच, स्कोन. दुसरा, आत परत येण्याचा शिक्का किंवा पास देतात का ते दुकानात विचारून बाहेर जायचं. आम्ही तिसरंच करतो, आधी चॅपल उरकतो आणि मग बाहेर पडून जेवतो, मधल्या वेळात पिशवीतल्या खजूर-चिक्कीवर भागवायचं. उतारावर उन्हाळ्यातही वारा लागतो, जूनमध्येसुद्धा सासूबाईंची शाल कामी आली.

चॅपल खालच्या आवारात. १४७५ मध्ये सुरू केलं, पुरं व्हायला पन्नासच्या वर वर्षं लागली. आत जाऊन आधी मधल्या भागात छत बघा, दगडाचे पंखे उघडल्यासारखी नक्षी. पुढे लाकडी बैठकांच्या भागात वर सरदारांचे झेंडे लटकतात आणि खाली जमिनीत एक काळी फरशी आहे, लोक तिच्यावरून चालत जातात. तिच्याखाली आठवा हेन्री, सहा लग्नांचा तो, त्याची लाडकी तिसरी बायको जेन सिमोर, आणि ज्याचं प्रजेने डोकं उडवलं तो पहिला चार्ल्स, सोबत राणी ॲनचं एक तान्हं बाळ. हेन्री एवढ्या दिमाखात जगलेला माणूस, स्वतःसाठी मोठी समाधी बांधायला काढलेली, ती कधी पुरी झालीच नाही, आणि शेवटी फरशी.

मग उत्तरेच्या बाजूला छोटंसं बाजूचं चॅपल, एवढंसं, लोखंडी जाळीतून बघायचं. जमिनीवर काळा दगड आणि त्यावर फक्त नावं आणि वर्षं. वर जॉर्ज सहावा १८९५ – १९५२ आणि एलिझाबेथ १९०० – २००२, मधे गार्टरचा तारा, खाली एलिझाबेथ दुसरी १९२६ – २०२२ आणि फिलिप १९२१ – २०२१. आईवडील वर, मुलगी-जावई खाली. बस. सासूबाई जाळीला हात लावून उभ्या राहिल्या, मागे लाईन होती तरी हलेनात, मग हळूच म्हणाल्या, "वडलांच्या पायाशी गेली हो." मग चपला काढायच्या का विचारलं, मी म्हटलं नको. चॅपलमध्ये पर्यटकांना चारच्या सुमारास प्रवेश बंद करतात, म्हणून हे संध्याकाळवर टाकू नका. अंगात जोर असेल तर बहुतेक दिवशी संध्याकाळी पाचनंतर प्रार्थना असते, तिला कोणालाही बसता येतं आणि तिकीट लागत नाही, मुलांचा कोरस ऐकण्यासारखा आहे, अर्थ कळला नाही तरी.

बाहेर पडून जेवायला नदीवर जा, उतार आहे, पाच-सात मिनिटं. गावात पब, पिझ्झा, इंडियन, सगळं आहे, सुपरमार्केटातलं मील डीलही आहे, पण ऊन असेल तर नदीकाठच्या अलेक्झांड्रा गार्डनमध्ये सतरंजी टाकून घरचं खा. आम्ही थालीपीठ आणि लोणचं नेलं होतं. एक सूचना, हंस. थेम्सवर ढिगाने हंस आहेत, लांबून शारदेचं वाहन, जवळून गुंड. सासूबाईंनी कौतुकाने थालीपिठाचा तुकडा पुढे केला तर एक थेट काठावर चढून आला आणि फॉइलसकट ओढायला लागला, फुसफुसतो नागासारखा. तिखट होतं म्हणून टाकून दिलं असेल म्हणावं तर तेही नाही, खाल्लं. तर अन्न दाखवू नका. त्याच बागेत दुसऱ्या महायुद्धातल्या हरिकेन विमानाची प्रतिकृती उभारलीय, ते विमान डिझाइन करणारा सिडनी कॅम याच गावचा. बोटीची चक्करही इथूनच, चाळीसेक मिनिटांची, पाय दुखत असतील तर बोट घ्या, बसून कॅसल पुरा दिसतो.

आता दुपारचे चार वाजलेत समजा. इथे बहुतेक लोक चूक करतात, ईटन आणि लाँग वॉक दोन्ही करायला जातात आणि घरी येऊन वोलिनी चोळतात. एक निवडा. आईबाबा थकलेत तर ईटन, पूल ओलांडला की झालं, पुलावर गाड्या नाहीत, फक्त पायी. शाळा १४४० ची, सहाव्या हेन्रीने गरीब मुलांना फुकट शिकता यावं म्हणून काढलेली, आणि आज तिथे कोण शिकतं ते जगाला माहिती आहे, वीस पंतप्रधान झाले तिथून. शाळा चालू असेल तर काळ्या शेपटीच्या कोटातली पोरं रस्त्याने पुस्तकं घेऊन जाताना दिसतात. सासऱ्यांनी छातीठोकपणे सांगितलं नेहरू इथेच शिकले, तर नाही, ते हॅरोला. एखाद्या कॅफेत ईटन मेस मागवा, स्ट्रॉबेरी, क्रीम आणि मेरिंगचा चुरा कालवलेला, शिकरणाला कोणी इंग्लंडात धाडल्यासारखा लागतो.

पायात दम आहे तर लाँग वॉक. कॅसलच्या दक्षिण दारापासून सरळ, अगदी पट्टीने आखल्यासारखा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, लांबी ४ किलोमीटरच्या थोडी वर, शेवटी टेकडीवर तिसऱ्या जॉर्जचा घोड्यावरचा पुतळा. फुकट. पूर्ण गेलात तर परत यायचंय हे लक्षात ठेवा, जाऊन-येऊन अडीच तास सहज, वाटेत चहाची टपरी वगैरे काही नाही. आम्ही अर्ध्यातून परततो, पण पुढच्या गेटातून आत गेलात तर लाल हरणांचे कळप दिसतात, पाचशेच्या आसपास आहेत, लांबूनच बघा, शरद ऋतूत नर माजावर असतात तेव्हा तर अजिबात जवळ नको. मागे वळून कॅसल बघायचा तो इथूनच, उन्हं कलली की दगड मधासारखा दिसतो. आणि दर दोन मिनिटांनी डोक्यावरून विमान, हीथ्रो बाजूलाच आहे. विमानात खिडकीशी बसला असाल आणि नशीब असेल तर हा कॅसल उतरताना किंवा उडताना खाली दिसतो. सासऱ्यांनी शेपटीवरचं चित्र ओळखायचा खेळ सुरू केला, "ते आपलं एअर इंडिया!", आणि पुतळ्याचं राहूनच गेलं.

लेगोलँड, ते मुलांचं थीम पार्क, याच दिवसात बसवू नका, तो स्वतंत्र दिवस आहे. मुलं ऐकत नसतील तर आईबाबांना कॅसलला सोडून एकाने मुलांना तिकडे न्या, घरात शांतता राहील.

परतताना शटल पकडून स्लावला उतरलात तर तिथे देशी जेवण भरपूर आणि लंडनपेक्षा स्वस्त, त्या रात्री घरी स्वयंपाक नको.

आणि ते तिकिटाचं. थेट कॅसलकडून घेतलं असेल तर तिकिटाचे पैसे देणगी म्हणून धरायला सांगून त्याचा वर्षभराचा पास करून मिळतो, वर्षात कितीही वेळा या, अजून पैसे नाहीत. बाहेर पडायच्या आधी तिथल्या माणसाला विचारून करून घ्या, घरी जाऊन आठवण आली तर खटपट होते. पास नावावर असतो, दुसऱ्याला देता येत नाही, हे मी सासऱ्यांना तीनदा सांगितलं तरी ते आपला पास सांगलीला घेऊन गेलेत, शेजारच्या जोशीकाकांना देणार म्हणे, ते सप्टेंबरमध्ये येतायत. माझा माझ्या पाकिटात आहे. पुढच्या महिन्यात आई येतेय, तेव्हा तिचं एकटीचंच तिकीट काढायचं.